नोंद क्रमांक दोनशे सात

आमच्या मच्छीमार संस्थेचं दप्तर
म्हणजे एक हिरवी पेटी.
आत कापराची वडी,
तरी कसर लागलेलीच.
सत्तर साली मामा तलावातून कोणी किती मरळ काढली
ते आता कसरीच्या पोटात.

मग तुमसरहून दिपाली डहारे आली,
चप्पल काढून पाळीवर बसली.
म्हणाली, सचिवभाऊ, जाळं विणता ना?
गाठीला गाठ धरून असते,
मधलीच एक सोडायला गेलं
की सगळं जाळं बोंबलतं.
नोंदी तशाच बांधायच्या.
अकरा संचालक, अकरा मोबाइल,
प्रत्येकात अख्खी वही.

दामाजी वलथरे हसला,
"म्हंजे दवंडीच की व बाई!
कोतवाल डफडं वाजवे.
साऱ्या गावानं आयकलं,
मंग कोन नाही म्हनन?"

ब्लॉकचेन हा शब्द मात्र जिभेवर बसेना.
इसराम अजून बिलाकचैन म्हणतो
आणि चैन कोणाची, ते विचारतो.

पहाटे तीनला काटा लागतो.
रोहू बावीस किलो, कतला नऊ, बोटरी पाटीभर.
अंगठा.
अकरा खिशांत एकदम टिंग.
व्यापारी वीस म्हणाला,
अकरा जणांनी त्याच्यापुढं बावीस धरले.
तेव्हापासून तो चष्मा लावून येतो.

मार्चमध्ये सहायक निबंधकांचे साहेब आले.
रजिस्टर?
मोबाइल पुढं केला.
पानांना क्रमांक? शिवण? लाखेची मोहर?
साहेबांनी पुस्तक चाळलं,
नियमात बसत नाही, म्हणाले,
नियमाविरुद्धही दिसत नाही,
असं स्वतःशीच.
चहा घेतला. छापून आणा, म्हणाले.
मोहाडीला जाऊन छापलं,
दोनशे सहा पानं, प्रत्येकावर गोल शिक्का.
न पुसणाऱ्या अक्षरांवर
पुसणारी शाई.

दोनशे सात आषाढातली.
मासे अंड्यावर, तलाव बंद,
आणि पुनाबाई नान्हेनं रात्री जाळं टाकलं.
दंड पाचशे रुपये.
घरी नवरा तापानं फणफणलेला,
सात दिवस अन्न नाही,
माशाचा रस्सा तेवढा मागत होता.
हे कुठल्या रकान्यात नव्हतं.

बाबा सचिव होते तेव्हा
अशा ओळीवर थुंकीचं बोट फिरवायचे.
निळा डाग राहायचा.
कोणी विचारलं तर म्हणायचे, कवेलूतून पाणी गळलं.

मीही बोट ओलं केलं,
काचेवर फिरवलं.
पान वर सरकलं, इतकंच.

दिपाली फोनवर म्हणाली,
खोडता येत नाही, पुढं लिहिता येतं.

बैठक झाली. दामाजी तापला,
"आज तिले सोडसान, उद्या मले सोडसान काय?"
दिवे लागेपर्यंत भांडलो.
नोंद दोनशे अकरा:
दोनशे सातचा दंड माफ.
दहा अंगठे. दामाजी गप्प,
पण त्याच्याही खिशात टिंग.

पुनाबाईला सांगायला गेलो.
म्हटलं, माफ झालं, पण जुनी ओळ राहील,
तुझ्या नावासकट,
आपण गेल्यावरही.
ती रोहू साफ करत होती,
हातभर खवलं चिकटलेली.
"राहू दे न भाऊ.
गुन्हा दिसन तं माफी बी दिसन."
मग पाटा धुता धुता,
माझ्याकडं न बघता,
"त्याहिचा ताप कोठी लिवला का?"

काल निबंधकांचं पत्र आलं.
सदर माफी कोणत्या उपविधीनुसार?
खुलासा सात दिवसांत.
उपविधी शोधला. नाही.
पेटीतून बाबांचा टाक काढला,
कागद घेतला,
आणि पहिलं वाक्य लिहिलं:
ताप होता.